पोचपावती

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात १५ ऑगस्ट २०२५ रोजी ध्वजवंदनानंतर पार्किंगमधल्या मंडपात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे मागच्या रांगांपर्यंत बरंचसं पोचलं नाही असं कळलं. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून देत आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी यात भरल्या आहेत.)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, सेक्रेटरीसाहेब, कार्यकारिणीचे सभासद, माता-भगिनींनो, आणि भाषण संपून जिलेबी कधी मिळते याची वाट बघत पुढे बसलेल्या बालमित्रांनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेचा हिशेब कळतो, असं समजून दिली असावीत. थोडी ओव्हरड्राफ्ट होतील, सांभाळून घ्या.

सेक्रेटरीसाहेबांनी विषय दिला होता ‘देशासाठी आपण काय करू शकतो’. विषय फार मोठा आहे. एवढ्या मोठ्या विषयावर माणूस हमखास मोठं मोठं बोलतो. मी तो लहान करून घेतला आहे. आपल्यासारखी साधी माणसं सैन्याला एखादी वस्तू देऊ इच्छितात, तेव्हा त्या वस्तूचं पुढे काय होतं, एवढंच मी बोलणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगायची आहे. ती आजवर घरात फक्त सौभाग्यवतींना माहीत होती.

सुरुवात आपल्या मळवलीपासूनच करतो. माझे वडील इथे रेल्वेत होते. तेव्हा ही सोसायटी नव्हती, एक्स्प्रेस वे नव्हता. होतं ते स्टेशन, भातखाचरं, आणि पलीकडे लोहगड-विसापूर. १९६२ साली मी बारा वर्षांचा होतो. शाळेला गाडीने लोणावळ्याला जायचो. ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि दिवाळीच्या सुमारास मोठ्या माणसांच्या बोलण्याचा सूर बदलला. वडील पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. आमच्या जवानांच्या अंगावर सुती कपडे आहेत, पायात कॅनव्हासचे बूट आहेत आणि ते बर्फात उभे आहेत, हे तेव्हा मी ऐकलं. बारा वर्षांच्या मुलाला सीमावाद कळत नाही, पण थंडीत पाय गारठणं कळतं. मावळातला पाऊस सोसलेल्या मुलाला तर फारच कळतं.

त्या नोव्हेंबरात राष्ट्रीय संरक्षण निधी सुरू झाला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा जो तो म्हणायचा. शाळेत आम्ही खाऊचे पैसे दिले. मुली लोकर घेऊन वर्गात स्वेटर विणत बसायच्या आणि मास्तरही काही बोलायचे नाहीत. आणि एके दिवशी माझी आई वडगावला गेली आणि तिने माहेरची अंगठी संरक्षण निधीला देऊन टाकली. पाव तोळा असेल. रेल्वेतल्या खालच्या पगाराच्या माणसाच्या घरात पाव तोळा म्हणजे काय, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. वडील दोन दिवस गप्प होते. ते रागावले होते की लाजले होते, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईला वाचता येत नव्हतं. पण अंगठी देताना तिने पावती मागून घेतली होती. ती पावती देव्हाऱ्यात देवाच्या पाटाखाली असायची. संध्याकाळी दिवा लावला की कधीतरी ती मला म्हणायची, “वाच रे.” मी वाचायचो, ‘सोन्याची अंगठी, नग एक.’ ती मान हलवायची आणि कागद परत पाटाखाली जायचा. तिची अंगठी जिथे जायची तिथे गेली, याची तिला खात्री होती. तिने ते मनातून कायमचं मिटवलं होतं. मी पुढे बँकेत हजारो पावत्यांवर सह्या केल्या, पण पावती म्हणजे काय ते मी या पाटाखालच्या कागदावरून शिकलो.

इथे एक बँकेतली गोष्ट सांगून टाकतो, कारण आपल्या ग्रुपवर दरवर्षी ती चुकीची येते. हैदराबादच्या निजामाने १९६५ च्या युद्धानंतर देशाला पाच टन सोनं दान दिलं, असा तो मेसेज असतो. माहितीच्या अधिकारात सरकारकडून जे उत्तर मिळालं त्यात आकडा ४२५ किलोचा आहे, आणि ते दान नव्हतं. ती राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांतली गुंतवणूक होती. ते रोखे ऑक्टोबर १९८० मध्ये पिकले आणि लोकांना सोनं सोन्याच्याच रूपात परत मिळालं. यात निजामाला कमी लेखायचं नाही. अडचणीच्या वेळी ४२५ किलो सोनं सरकारच्या हवाली करणं ही लहान गोष्ट नव्हे. पण दान वेगळं, ठेव वेगळी. माझ्या आईने केलं ते दान होतं. ती अंगठी १९८० साली परत आली नाही, आणि यावी अशी तिची अपेक्षाही नव्हती.

आता माझ्या चुकीकडे येतो.

१९९९ साली कारगिलचं युद्ध झालं. मी तेव्हा एका शाखेत अधिकारी होतो. टीव्हीवर पहिल्यांदाच युद्ध दिसत होतं. उभ्या कड्यांवर पोरं चढताना दिसत होती. शाखेत आम्ही ठरवलं, आपण काहीतरी पाठवायचं. पुढाकार माझा. काउंटरवर पाटी लावली : ‘जवानांसाठी उबदार कपडे व उपयोगी वस्तू येथे स्वीकारल्या जातील.’ मंडळी, तीन आठवड्यांत अकरा खोकी भरली. स्वेटर, मफलर, घोंगड्या, टॉर्च, थर्मास, बिस्किटांचे पुडे, चिवडा, लोणच्याच्या बरण्या. एका खातेदाराने रेनकोट दिले. कुणी आपल्या मुलाचा लग्नातला सूट दिला. हसू नका, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं.

पाठवायचं कुठे, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. सैन्यातून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ आमचे खातेदार होते. त्यांना मी खोकी दाखवली आणि म्हटलं, “साहेब, एवढं पोचवायची व्यवस्था करा.” त्यांनी एक खोकं उघडलं, एक तांबडाभडक स्वेटर हातात धरला आणि मला बसायला सांगितलं.

ते जे बोलले ते माझ्या आजही लक्षात आहे. म्हणाले, “साहेब, हा स्वेटर घालून बर्फावर उभा राहिलेला माणूस पलीकडच्याला मैलावरून दिसेल. हे कपडे शहरातल्या थंडीचे. तिथली थंडी वेगळी, कपडा वेगळा, मापं वेगळी. शंभर जणांच्या कंपनीला शंभर एकसारख्या वस्तू लागतात, शंभर प्रकारच्या नाही. आणि हे न्यायचं कसं? श्रीनगरहून कारगिलला जाणारा रस्ता एकच, झोजी खिंडीतून. त्यावर शत्रूचे तोफगोळे पडताहेत. त्या रस्त्याने जाणाऱ्या ट्रकमध्ये तुमचा चिवडा ठेवायचा तर काय खाली काढू? गोळे काढू, का औषधं?”

मी गप्प बसलो. ते पुढे म्हणाले, “रोख पैसे गोळा झाले असतील तर ते संरक्षण निधीत रीतसर भरा. वस्तू द्यायचीच असेल तर आधी विचारा, काय हवं, कोणत्या दर्जाचं, किती, आणि ती वस्तू बिघडली तर दुरुस्त कोण करणार. सैन्यात वस्तू कुणी प्रेमाने आणून दिली म्हणून घेतली जात नाही. तिच्यावर कुणाचा तरी जीव टांगलेला असतो.”

रोख रक्कम आम्ही चेकने पाठवली, तिची पावती आली, ती शाखेत फ्रेम करून लावली. अकरा खोकी मात्र जिन्याखाली राहिली. परत करायची तर कुणाची कोणती वस्तू, याची यादीच केली नव्हती. एरवी एक रुपयाचा फरक निघाला तर रात्री नऊपर्यंत शाखेत बसणारा माणूस मी, अकरा खोक्यांची साधी नोंद ठेवली नाही. पावसाळ्यात बिस्किटांना मुंग्या लागल्या, लोकरीला बुरशी आली. जे बरं होतं ते गरजूंना वाटलं, बाकीचं एका रविवारी शाखा बंद असताना फेकून दिलं. ही माझी चूक. दुसऱ्या कुणाची नाही.

इथवर झालं ते निदान अज्ञानातून झालं. पुढचं तसं नव्हतं.

आमच्या शाखेत एक आजी पेन्शन घ्यायला यायच्या. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. त्यांनी पेन्शनच्या पैशांतून लोकर आणून सात कानटोप्या विणल्या होत्या. पैसे घेऊन झाले की माझ्या टेबलाशी येऊन विचारायच्या, “साहेब, पोचल्या का हो टोप्या?” पहिल्या महिन्यात मी म्हटलं, “चौकशी करतो.” दुसऱ्या महिन्यात म्हटलं, “करतोय.” तिसऱ्या महिन्यात समोर रांग होती, माझी गडबड होती, आणि मी म्हटलं, “हो आजी, पोचल्या.”

त्यांचा चेहरा असा काही उजळला, की ते वाक्य मला परत घेता आलं नाही. पुढच्या महिन्यात त्या पेढे घेऊन आल्या. आणि थंडीच्या दिवसांत आणखी पाच टोप्या विणून आणल्या. म्हणाल्या, “आता पत्ता तुम्हाला माहीतच आहे.” मी त्या घेतल्या.

वर्षभरात माझी बदली झाली. आजी आता नाहीत. त्या पाच टोप्या माझ्याकडे आहेत. डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवल्या आहेत. फेकवत नाहीत आणि कुणाला देववतही नाहीत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून एकही खोटी नोंद केली नाही, असं माझ्या निरोप समारंभात सांगितलं गेलं. तेव्हा मला या टोप्या आठवल्या. ती एक खोटी पोच मी दिली होती.

म्हणूनच २०१९ साली पेपरात एक बातमी वाचली तेव्हा ती मी कापून ठेवली. पुण्यातलं एक जोडपं, सौ. सुमेधा चिथडे आणि श्री. योगेश चिथडे. सुमेधाताई शाळेत शिक्षिका, योगेशराव हवाई दलातून निवृत्त झालेले. यांच्या प्रयत्नांतून सियाचीनला ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा राहिला. अनेकांना ही बातमी माहीत असेल. पण मी ती माझ्या अकरा खोक्यांशेजारी ठेवून वाचली.

आधी सियाचीन म्हणजे काय, ते मुलांसाठी सांगतो. आपला लोहगड समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० फूट. त्याच्या पायऱ्या चढताना आपल्याला धाप लागते, आणि आपण तर जवळजवळ अर्ध्या उंचीवरच राहतो. सियाचीनचा पायथ्याचा तळच सुमारे १२,००० फुटांवर आहे. म्हणजे एकावर एक साडेतीन लोहगड. आणि तिथून वर, १८,०००, २०,००० फुटांपर्यंत आणि त्याहूनही उंच आपल्या चौक्या आहेत. १८,००० फुटांवर हवेचा दाब खालच्या निम्मा होतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच मिळतो. १३ एप्रिल १९८४ ला ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हापासून आपले जवान तिथे आहेत. त्यांतले जास्त गेले ते शत्रूच्या गोळीने नव्हे. थंडीने, हिमकडे कोसळून आणि विरळ हवेने गेले. उंचीवर काही जणांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. उपाय दोनच. लगेच खाली उतरवणं आणि ऑक्सिजन देणं. हवा खराब असली की हेलिकॉप्टर उडत नाही. मग हाताशी उरतो तो फक्त ऑक्सिजन. आणि ऑक्सिजनची भरलेली नळकांडी खालून, लांबून वर न्यायची म्हणजे प्रत्येक नळकांडं मोलाचं.

चिथडे दांपत्याने स्वेटर गोळा केले नाहीत. तिथली गरज काय आहे ते समजून घेतलं. नळकांडी पाठवत बसण्यापेक्षा ऑक्सिजन तिथेच तयार झाला तर, हा तो विचार. खर्च साधारण १ कोटी १० लाख. शिक्षिका आणि निवृत्त सैनिक यांच्या घरात असे पैसे नसतात. सुमेधाताईंनी स्वतःचे दागिने विकले, त्याचे सुमारे सव्वा लाख आले, आणि तिथून सुरुवात केली. न्यास स्थापन केला, ‘सोल्जर्स इंडिपेंडंट रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ नावाचा. गावोगाव बोलायला गेले. लोकांनी जमेल तसं दिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रकल्प सियाचीनच्या तळावर सुरू झाला.

दागिने विकले, हे वाचून कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल. मलाही आईची अंगठी आठवली. पण बँकवाला म्हणून मला त्याहून मोठं वाटलं ते वेगळंच. सव्वा लाख आणि एक कोटी दहा लाख यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते भावनेने पार होत नाही. त्याला हिशेब लागतो, परवानग्या लागतात, शेकडो अनोळखी लोकांचा विश्वास टिकवावा लागतो, आणि शेवटी वस्तू जागेवर बसवून ती चालू करून दाखवावी लागते. ज्याने पाचशे रुपये दिले त्यालाही सांगता आलं, की तुझे पैसे अमुक ठिकाणी, अमुक यंत्रात आहेत. पोचल्या का हो, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्याकडे खरं उत्तर होतं.

आपल्या तालुक्याला हे नवं नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना सगळ्यांना ऐकून माहीत आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं आणि १९०८ साली त्यातून कारखाना निघाला. देशी उद्योग हवा, एवढं नुसतं म्हणत ते बसले नाहीत. नेमकं काय उभं करायचं ते ठरवलं आणि काच बनवून दाखवली.

आता एक प्रश्न. तो आपल्या ग्रुपवर बी-विंगच्या एका तरुण सभासदाने विचारला होता आणि काही जणांनी त्याला गप्प केलं. मला ते आवडलं नाही, कारण प्रश्न योग्य होता. तो म्हणाला, “आपण कर भरतो. सैन्याला लागेल ते देणं हे सरकारचं काम आहे. आपण वर्गणी काढायची म्हणजे सरकारची चूक झाकायची.”

मी त्याचा हिशेब मांडून पाहिला. २०२५-२६ चा संरक्षण खर्चाचा अंदाज सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचा आहे. भागाकार केला तर एका मिनिटाला साधारण १ कोटी ३० लाख. म्हणजे चिथडे दांपत्याने वर्ष-दीड वर्ष वणवण करून जे उभं केलं, ते देशाच्या संरक्षण खर्चाचं एक मिनिटसुद्धा नाही. तेव्हा आपल्या वर्गणीवर सैन्य चालतं असा गैरसमज कुणी करून घेऊ नये.

पण पैसा मंजूर होणं आणि वस्तू जवानाच्या हातात पडणं यांत अंतर असतं. हे मी म्हणत नाही, देशाचे महालेखापरीक्षक म्हणतात. २०२० च्या फेब्रुवारीत संसदेत आलेल्या त्यांच्या अहवालात लिहिलं आहे, की अतिउंचावरच्या जवानांसाठीचे बर्फातले बूट नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात दिलेच गेले नव्हते आणि जुने बूट पुन्हा वापरात आणून वेळ निभावावी लागली. बर्फातल्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. यावर लष्कराकडून नंतर सुधारणा झाल्याचंही सांगितलं गेलं. तरी १९६२ साली कॅनव्हासचे बूट, आणि पन्नास वर्षांनंतर पुन्हा बुटांचाच प्रश्न, हे वाचताना मला वडिलांचा पेपर वाचण्याचा आवाज ऐकू आला.

म्हणून त्या तरुण मित्राला माझं उत्तर असं. दोन्ही करायचं. खासदाराला विचारायचं, लेखापरीक्षण अहवाल वाचायचे, मत देताना ते लक्षात ठेवायचं. ते नागरिकाचं काम आहे, आणि वर्गणी देऊन त्यातून सुटका होत नाही. पण आज रात्री श्वास अडकलेल्या जवानाला पुढच्या अंदाजपत्रकापर्यंत थांबता येत नाही. तिथे कुणी नेमकी पोकळी ओळखून ती भरत असेल तर त्याला हातभार लावणं म्हणजे सरकारची चूक झाकणं नव्हे. उलट चिथडे दांपत्याच्या प्रकल्पामुळे कितीतरी घरांतून पहिल्यांदाच विचारलं गेलं, की अरे, हे आधी का नव्हतं?

आता शेवटचा मुद्दा, आपल्या सोसायटीचा.

एप्रिलमध्ये पहलगामला जे घडलं, त्यानंतर आपल्या ग्रुपवर एक मेसेज आला. रोज एक रुपया सैन्याच्या आधुनिकीकरणासाठी द्या, मंत्रिमंडळाचा तसा निर्णय झाला आहे, एका प्रसिद्ध नटाची ही कल्पना आहे, आणि खाली बँक खात्याचा नंबर. दहा मिनिटांत सत्तर अंगठे आले. एकाने सोसायटीच्या जमा रकमेतून ५१,००० रुपये पाठवू या असं लिहिलं आणि कुणी हरकत घेतली नाही. मंडळी, ही तीच आपली सर्वसाधारण सभा, जिने पाण्याच्या टँकरच्या एका बिलावर सव्वा तास चर्चा केलेली आहे!

नशिबाने एका सभासदाने आधी स्वतःचे पाचशे रुपये पाठवून पाहिले, ते परत आले. एप्रिल संपायच्या आत संरक्षण मंत्रालयानेच खुलासा केला, की मेसेज दिशाभूल करणारा आहे, त्यातला खात्याचा तपशील चुकीचा आहे आणि त्यामुळे लोकांचे पैसे परत जात आहेत. त्याच खुलाशात खरा मार्गही दिला होता. युद्धात कामी आलेल्या आणि जखमी झालेल्या जवानांच्या कुटुंबांसाठी ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड’ आहे, तो माजी सैनिक कल्याण विभागाच्या अखत्यारीत येतो. राष्ट्रीय संरक्षण निधी १९६२ पासून आहेच. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून आहे, आणि त्याचा निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात घेतात. रस्ते सगळे सरळ आणि उघडे आहेत. आपणच घाईने आडवाटेला जातो.

रौप्यमहोत्सवाचा खर्च जाऊन काही रक्कम उरेल, असं खजिनदारांनी सांगितलं आहे. तिचं काय करायचं ते सभा ठरवेल. माझी फक्त सूचना आहे. आपल्या स्टेशनवरून लोकलमध्ये बसलं की सव्वा तासाच्या आत खडकी येतं. तिथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, १९७४ पासूनचं. पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखाली किंवा मानेखाली लुळे झालेले जवान तिथे राहतात. कुणी युद्धात जखमी झालेला, कुणी ड्यूटीवर अपघात झालेला. सियाचीनला आपण जाऊ शकत नाही. खडकीला जाऊ शकतो.

सोसायटीतल्या चौघांनी, त्यात दोन तरुण असावेत, परवानगी घेऊन तिथे जावं. रिकाम्या हाताने जावं. फुलं नको, फळांच्या करंड्या नको, फोटो नको. एकच प्रश्न घेऊन जावं, “तुम्हाला काय हवं आहे?” ते सांगतील ती वस्तू घ्यावी, त्यांनी सांगितलेल्या मापाची आणि दर्जाची. आपल्या मनाने दुसरी नको, जुनी नको. त्यांना वस्तू नको, पैसे हवे असतील तर पैसे द्यावेत. काहीच नको म्हणाले तर नमस्कार करून परत यावं, त्यात अपमान वाटून घेऊ नये. आणि जे दिलं त्याची पावती आपल्या लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर लावावी. टँकरच्या बिलाशेजारी लावली तरी चालेल.

या कामात मला घ्यावं अशी विनंती आहे. गुडघे कुरकुरतात, पण लोकलला चढता येतं. हिशेब मी ठेवीन. या वेळी यादी करीन.

खिशातली एक टोपी मी आज इथे आणली आहे. मेंदी रंगाची आहे, टाके अजून घट्ट आहेत. हिचा सैन्याला उपयोग नाही हे मला १९९९ पासून माहीत आहे. ज्यांनी ती विणली त्यांना मी खोटं सांगितलं, ते आता दुरुस्त करता येत नाही. पण पुढच्या वर्षी याच मंडपात कुणी मला विचारलं, “काका, आपलं पोचलं का हो?” तर मला खरं उत्तर देता आलं पाहिजे. एवढीच माझी इच्छा आहे.

दहाची अठरा मिनिटं झाली. व्याज माफ करावं. जिलेबी गरम आहे, असं कळतं.

जय हिंद! जय महाराष्ट्र!